भाऊजी, चिठ्ठ्या टाकूनच नंबर लागले

भाऊजी, तुमच्या खुर्चीला मी हार घालू दिला नाही.

गुणवंतरावांनी चांदूर रेल्वेहून येताना तो आणला होता, झेंडूचा, चांगला मनगटाएवढा जाड. मूर्तिजापूर स्टेशनजवळच्या खानावळीच्या वरच्या खोलीत आपण आठ जण दरवर्षी ऑगस्टातल्या एका रविवारी जमतो, तिथली तुमची खिडकीजवळची खुर्ची त्यांनी स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसली. तिच्यावर तुमचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग उरलेल्या सात जणांनी आपापल्या टीमा निवडायच्या, असं त्यांचं आणि अचलपूरच्या इरफानभाईंचं फोनवर ठरलं होतं. मी हार त्यांच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या गजाला अडकवून टाकला. म्हटलं, या खुर्चीत माणूस बसणार आहे, भाऊजींची टीम निवडायला. ताई जिना चढून येतेय, तिला दम लागतो, तेवढं थांबा.

सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जसं काही मीच तुम्हाला मारलं.

पाहू देत. तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी रागातच आहे, आणि हा राग कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये असं मला वाटतं. लोक येतात, "सुटले बिचारे" म्हणतात. दीड वर्ष आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यातून सुटले, असं त्यांना म्हणायचं असतं. मला विचारावंसं वाटतं, तुम्हाला कोणी सांगितलं की त्यांना सुटायचं होतं? जूनमध्ये दवाखान्यातल्या खाटेवर, हाताला सुया लावलेल्या असताना, हा माणूस नर्सला विचारत होता की इंग्लंडातल्या कोणत्या फुटबॉल टीमनं नवा गोलकीपर घेतला ते मोबाइलवर पाहून सांगता का. सुटायची घाई झालेला माणूस गोलकीपरची चौकशी करतो का?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अकोल्याच्या घरी बुद्धवंदना झाली, जेवणं आटोपली, आणि भांडी आवरता आवरता मी ताईला हळूच आठवण दिली की आपला रविवार जवळ येतोय. नेमकं आमच्या मामांनी ऐकलं.

"मौतीच्या घरातून बॉल खेळाले चालल्या का तुमी दोघी बहिणी?"

"बॉल तिकडं इंग्लंडात खेळतेत, मामा. आमी नुसते निवडतो," मी म्हटलं.

मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. आठ जण, प्रत्येकाची पंधरा खेळाडूंची टीम. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. खरे सामने तिकडे होतात. आपल्या माणसानं गोल केला, किंवा आपल्या बचावातल्या माणसाच्या टीमनं गोल खाल्ला नाही, की त्याचे गुण आपल्याला. दर आठवड्याला आठातल्या दुसऱ्या कुणाशी तरी आपली लढत. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् जितला त्याले काय भेटते?"

"वर्षभर घरी ठेवाले एक पितळेचा गडवा."

"गडव्यासाठी?"

"हो. गडव्यासाठीच."

मामा उठून बाहेर गेले. तुम्ही असता तर हसला असता आणि मग त्यांची समजूत घालायलाही गेला असता. मी गेले नाही.

हा नाद मला तुम्हीच लावलात. लग्नानंतर पहिल्यांदा अमरावतीला सासुरवाडीला आलात, तेव्हा मी कॉलेजात होते. आईनं जावयासाठी कढी-गोळे केले होते, आणि तुम्ही ताटातल्या कांद्याच्या फोडी मांडून मला ऑफसाइड समजावत बसलात. "जवाईबापू, जेवण थंडं होऊन राह्यलं न," आई दोनदा म्हणाली. अकोल्याच्या मैदानावर तुम्ही राइट बॅक होतात. वीज कंपनीच्या सबस्टेशनवर नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, तरी सुटी मिळाली की बूट घेऊन निघायचात. गोल मारणाऱ्यांचा तुम्हाला मत्सर होता, हे मी तुमच्या तोंडावर अनेकदा म्हटलंय आणि आताही म्हणते.

"गोल मारणारा आज मारीन, उद्या नाई मारणार. मांगं उभा राह्यणारा रोज उभा राह्यते." हे तुमचं तत्त्वज्ञान. म्हणून तुमची पहिली निवड कायम बचावातली, त्यातही कॉर्नर नाहीतर फ्री किक मारणारा बघून. मी गणिताची मास्तरीण. माझं म्हणणं, कोण किती चांगला हे पाहूच नका, आपला नंबर परत येईपर्यंत त्या जागेवर कोण उरेल ते पाहा. पहिल्या आणि दहाव्या गोलकीपरमध्ये दोन बोटांचं अंतर असतं, पहिल्या आणि दहाव्या स्ट्रायकरमध्ये अख्खी विहीर. म्हणून स्ट्रायकर आधी, गोलकीपर सगळ्यात शेवटी. दहा वर्षं हे भांडण चाललं. ताईच्या स्वयंपाकघरात चाललं, बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर चाललं, एकदा तर मोझरीला आश्रमात गेलो होतो तिथं प्रार्थनेआधी इतकं चाललं की एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्याला बाहेर पाठवलं.

आपला निवडीचा क्रम डवऱ्यासारखा आहे. पिकातून डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, एका ओळीनं जातो, धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, वळतो आणि शेजारच्या ओळीनं परत येतो, तशी पहिली फेरी एक ते आठ आणि दुसरी आठ ते एक. हे गुणवंतरावांनी बसवलं, कारण त्याआधी एक नंबरवाल्याचीच कायम चांदी व्हायची. तुम्हाला मात्र आठवा नंबर लागला की आनंद. धुऱ्यावर बसलं की दोन माणसं एकदम उचलता येतात, म्हणायचात. खोड्याही तशाच. चौथ्या फेरीत उगाच मोठ्या आवाजात गोलकीपरचं नाव घ्यायचं. बाकीचे घाबरून मेंढरांसारखे गोलकीपरच्या मागे लागायचे, आणि मधल्या फळीतली चांगली माणसं तुमच्यासाठी शिल्लक राहायची. इरफानभाईंच्या हे अजून लक्षात आलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

कायदाही तुमचाच. मोबाइल पिशवीत बंद, समोर फक्त कागद, आणि तोंडातून नाव गेलं की गेलं. एका वर्षी तुम्ही पहिल्या फेरीत ज्याला घेतलं, तो त्याच सकाळी इंग्लंड सोडून दुसऱ्या देशात खेळायला गेला होता. संध्याकाळी कळलं. सगळे म्हणाले, बदलून घ्या. "घेतला तं घेतला," म्हणालात, आणि वर्षभर चौदा जणांवर खेळलात. ताई म्हणते, त्या वर्षी तुम्ही सातवे आलात आणि आठव्याला महिनाभर चिडवत होतात.

माझी बदली मेळघाटात झाली, तेव्हाचं मी कधीच विसरणार नाही. शाळेत रेंज नाही, शनिवारी टेकडीवर चढले तर मिनिटभर आवाज यायचा आणि लाइन तुटायची. दोन वर्षं माझी टीम तुम्ही लावलीत. कोणते अकरा उतरवायचे, कोण जखमी, कोण ताजा, सगळं. एका आठवड्यात लढत तुमची आणि माझीच होती. तुम्ही माझे उत्तम अकरा उतरवलेत, तुमचे उत्तम अकरा उतरवलेत आणि तीन गुणांनी हरलात. मला टेकडीवर फोन लागला तेव्हा इतके खूश होतात. "मास्तरीण, आज मी मलेच हरवलं!" असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, भाऊजी. हे तुम्हाला मी तेव्हा सांगायला हवं होतं, पण मेहुणीनं भाऊजींचं कौतुक करायचं नसतं, असा आपल्यात रिवाज होता.

आता गेल्या वर्षीचं. इथं येईपर्यंत मी बरंच इकडचं तिकडचं लिहिलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

गेल्या ऑगस्टात तुम्ही ताईचा हात धरून आलात. डायलिसिस सुरू होऊन काही महिने झाले होते. हाताला पट्टी, चेहरा काळवंडलेला, जिन्यावर दोनदा थांबलात. तुमच्या आधी माझा नंबर होता, आणि तिसऱ्या फेरीत डेबऱ्या शिल्लक होता; पहिल्या दोन फेऱ्यांत तुम्ही बचावातले दुसरे दोघे उचलून त्याला या फेरीसाठी धरून ठेवलं होतं. त्यांची खरी नावं आपल्या जिभेवर धड बसत नाहीत, म्हणून आपणच टोपणनावं पाडलेली; हा डाव्या पायाचा लेफ्ट बॅक, म्हणून डेबऱ्या. मोठे स्ट्रायकर संपले होते. माझा कागद सांगत होता, डेबऱ्या घे. तुम्हाला तो किती हवा होता हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी कागद पाहिला, तुमच्या हाताची पट्टी पाहिली, आणि मधल्या फळीतला एक रद्दड माणूस घेतला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझी गणितं तुम्हाला माझ्याइतकीच पाठ. मग तुम्हीही डेबऱ्याला सोडलंत आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलंत. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. पुढच्या नंबरला इरफानभाईंनी डेबऱ्या उचलला आणि त्याच्या जिवावर गडवा अचलपूरला नेला.

संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर ताई पाण्याची बाटली आणायला गेली तेवढ्यात तुम्ही बोललात.

"मास्तरीण, बिमार मी आहो. माही टीम बिमार नाई."

"तसं काही नव्हतं, भाऊजी," मी खोटं बोलले.

"दया करायची असंन तं घरी भाकर करून आण. तिथं मी हात जोडून घेईन. खेळात नको करू वं. तेवढी एकच जागा राह्यली, जिथं मले कोणी बिमार समजत नाई. तिथंबी तू आली का दवाखाना घेऊन?"

तुमची गाडी आधी आली. त्यानंतर तुमचा फुटबॉलचा फोन बंद झाला. मी घरी आले की बोलायचात, चहा विचारायचात, शाळेचं विचारायचात, पण खेळाचा विषय निघाला की टीव्हीकडे पाहायचात. मी तरी कुठं कमी होते? मीही ताठ्यात. इतका मान दिला आणि वरून बोलणी खाल्ली, असंच कितीतरी महिने मला वाटत होतं.

मग उन्हाळ्याची सुटी लागली. मी कूलरसमोर बसून मागच्या सगळ्या सीझनचे कागद काढले आणि पहिल्यापासून मांडणी केली. तुम्हाला एकदाचं गप्प करायचं, एवढाच हेतू. आणि निघालं भलतंच. स्ट्रायकरांमधली ती विहीर पहिल्या वर्षापासूनच मला वाटली तेवढी खोल नव्हती, बरेच जण सारखेच गोल मारतात. गोल अडवणारे आणि वरून पासही देणारे बचावातले लोक मात्र दोन-तीनच. त्यातला पहिला गेला की दुसरा धड सापडत नाही. माझ्याच पद्धतीनं, माझ्याच आकड्यांनी तुम्ही बरोबर निघालात. दहा वर्षं चुकीचं कारण सांगून बरोबर बोलत होतात. मला इतका संताप आला की सगळे कागद मी गादीखाली सरकवून टाकले.

सांगायला हवं होतं. जूनमध्ये चार वेळा अकोल्याला आले, खाटेशेजारी बसले, सफरचंद सोलून दिलं. "माझं चुकलं" आणि "तुमचं बरोबर होतं" हे दोन्ही गळ्यापर्यंत यायचं. पण वाटायचं, आता या खाटेवर बोलले तर हे पुन्हा दयाच समजतील. आणि समजला असताच तुम्ही. म्हणून ठरवलं, ऑगस्टात सांगू, मूर्तिजापूरला, सगळ्यांसमोर, तुम्ही खुर्चीत असताना. तुम्ही जुलैत गेलात. मी रागात का आहे, ते आता कळलं ना?

तर ताई जिना चढून वर आली, तुमच्या खुर्चीत बसली आणि पिशवीतून तुमची दोनशे पानी वही काढली. ती तिला तुमच्या कपाटात सापडली होती. घरी तिनं माझ्यापुढे धरली तेव्हा मी हात लावला नाही, समोरच्याची यादी पाहणं आपल्यात बसत नाही. गळ्यात पोत नसलेली माझी बहीण चष्मा पुसत होती, आणि गुणवंतराव खाकरले.

"माह्यं आयका सगळे. यंदा वहिनीले पहिला नंबर देऊन टाकू. चिठ्ठ्या बाकीच्या सात जणांच्या टाकू."

"बिलकुल," इरफानभाई म्हणाले. "भाभी का हक बनता है."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसं चांगली आहेत हो, भाऊजी. तिथंच तर सगळी पंचाईत आहे.

"नाही," मी म्हणाले.

"अवो मॅडम, तुमच्या सख्ख्या बहिणीसाठीच तं..."

"मले समजते कोणासाठी ते. चिठ्ठ्या आठ पडतीन. नाई तं मी चालली अमरावतीले."

एवढी कठोर बाई आपल्यात इतकी वर्षं बसत होती, हे त्यांना पहिल्यांदाच कळत असावं. ताई माझ्याकडे पाहतही नव्हती. "टाका चिठ्ठ्या," ती म्हणाली.

मला तिसरा नंबर लागला आणि ताईला चौथा. पुन्हा मी आधी आणि माझ्या मागे तुमची खुर्ची.

पहिल्या दोघांनी एकेक स्ट्रायकर नेला. घोडा शिल्लक होता, तो लांब टांगांचा, माझा लाडका. गुणवंतरावांनी तर सवयीनं त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे घोडा लिहायला घेतलाही होता. माझ्या कागदावर पहिलं नाव डेबऱ्या होतं. ताईचं बोट वहीच्या उघड्या पानावर टेकलेलं. घोडा घेतला असता तर कुणाला काहीच कळलं नसतं. उलट सगळे म्हणाले असते, शेवटी बहिणीचं काळीज. फक्त तुम्हाला कळलं असतं.

"डेबऱ्या," मी म्हणाले.

गुणवंतरावांच्या हातातला आलूबोंडा हातातच राहिला. "मॅडम, आजच्या दिवस तरी..." एवढंच ते म्हणाले.

मी ताईकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "भाऊजी बरोबर होते. मी दहा वर्षं चूक होती, म्हणून घेतला. अन् मांगच्या वर्षी मी डेबऱ्याले मुद्दाम सोडलं होतं. तेबी चुकलं माह्यं." शेवटच्या शब्दांना आवाज चिरकला, त्याला इलाज नव्हता. पण बोलले. तुमच्या खुर्चीसमोर, सगळ्यांसमोर, ठरवलं होतं तसं बोलले.

ताईनं वही माझ्याकडे फिरवली.

अक्षर तुमचंच, पण थरथरलेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. पानाच्या मधोमध रेघ आणि दोन रकाने. एकावर लिहिलेलं, "मास्तरीण मागून असली तर." त्याखाली पहिलं नाव डेबऱ्या. दुसऱ्यावर, "मास्तरीण आधी असली तर." त्याखाली डेबऱ्या नव्हताच. तिथं लिहिलं होतं, "डेबऱ्या गेला समजा. यंदा ती सोडत नाही." आणि त्याच्या खाली घोडा.

कधी लिहिलंत हे? मी शेजारी बसून सफरचंद सोलत होते, तेव्हा ही वही उशीखालीच होती का? म्हणजे तुमचा राग कधीचाच गेला होता. मी पुन्हा दया करणार नाही, एवढा भरवसा ठेवून तुम्ही मला मात द्यायची तयारीही करून ठेवली होती. आणि सांगितलं नाहीत, कारण समोरच्याला आपली यादी कोण सांगतं?

"घोडा," ताई म्हणाली. कोणी हलेना, तशी गुणवंतरावांवर खेकसली, "लिवा न वो, काय पाहून राह्यले?" मग माझ्याकडे वळली. "अन् तू डोये पूस. वापस येतानी तुह्या आधी माहा नंबर आहे."

तिनं पंधरा माणसं निवडली, भाऊजी. आठ तुमच्या वहीतली आणि सात स्वतःच्या डोक्यानं, आणि त्या सातांतली दोन मला हवी होती. दीड वर्ष खाटेशेजारी बसून तिनं तुमच्यासोबत सगळे सामने पाहिले, हे आपल्यापैकी कुणीच हिशेबात धरलं नव्हतं.

लोक अजून येतात आणि सुटले म्हणतात. म्हणू देत. पहिल्या आठवड्याच्या लढती लागल्या आहेत आणि शनिवारी माझ्यासमोर तुमची टीम आहे. मी माझे सगळ्यात भारी अकरा उतरवणार आहे, एकही मागे ठेवणार नाही. ताईला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, "ये. आमी तयार आहो."